दहा टक्क्यांचे चाळीस कसे झाले : एका सोसायटीच्या पाण्याचं प्रकरण

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांमधला साठा २०२४ च्या मे अखेरीस दहा टक्क्यांच्या खाली गेला. महापालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू केली. पूर्व उपनगरात एका टेकडीच्या उतारावर ग्राउंड प्लस फोरची जुनी इमारत आहे. वीस घरं, लिफ्ट नाही, खाली पंधरा हजार लिटरची जमिनीतली टाकी, गच्चीवर दहा हजारांची. तिच्या मीटरवर रोज साधारण अकरा हजार लिटर पडायचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा साडेसहा हजारांवर आला. कपात दहा टक्क्यांची, आणि घरात येणारं पाणी घटलं चाळीस टक्के.

सोसायट्यांच्या पाण्याच्या जोडण्या बघणं हे माझं काम असल्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं. गळती शोधायला म्हणूनच बोलावलं होतं. गळती नव्हती. पण हा दहाचा चाळीस कसा होतो, याचा माग काढताना एक समजूत उघडी पडली. ती फक्त त्या कमिटीची नाही, आपल्या सगळ्यांचीच आहे. एखादी व्यवस्था टप्प्याटप्प्यांची दिसली की वरचा टप्पा खालच्याला चालवतो असं आपण धरून चालतो, आणि काही बिघडलं की अर्ज घेऊन वर जातो.

कमिटीनेही तेच केलं. कनिष्ठ अभियंत्याला पत्र, त्याची प्रत सहायक अभियंता (जलकामे) यांना, आणखी एक प्रत जलअभियंता खात्याला. महापालिकेत तेव्हा नगरसेवक नव्हते, मार्च २०२२ मध्येच मुदत संपली होती, म्हणून माजी नगरसेवकाच्या ऑफिसातही एक चक्कर झाली. पत्राचा सूर असा, की वर कोणीतरी आमच्या नावापुढे जास्त कपात लिहिली आहे, ती कमी करावी. सेक्रेटरीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, रोज सकाळी मीटर वहीत उतरवणाऱ्या. त्यांनी पत्राला आकड्यांचा तक्ता जोडला होता. असा तक्ता फार कमी सोसायट्यांकडे असतो, आणि पुढचं सगळं त्या वहीमुळेच कळलं.

कागदावर उतरंड अगदी सरळ आहे. भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून पाणी जलवाहिन्यांनी येतं, भांडुप संकुलात किंवा पांजरापूरला शुद्ध होतं, तिथून उंचावरच्या सेवा जलाशयांत जातं, आणि ठरलेल्या वेळी विभागाविभागाला सुटतं. विभागाच्या मोठ्या लाइनला फाटे, फाट्यांना इमारतींच्या जोडण्या, जोडणीच्या टोकाला जमिनीतली टाकी, पंप, गच्चीवरची टाकी, आणि शेवटी नळ. दिवसाला चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी या वाटेने उतरतं. याला समांतर माणसांची उतरंड आहे : जलअभियंता, त्यांच्या हाताखाली अभियंत्यांच्या पायऱ्या, आणि सगळ्यांत खाली रस्त्यावरचा चावीवाला. या दोन शिड्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकच वाटतात. त्या एक नाहीत, हे कळायला पहाटे साडेचारला त्या उतारावर उभं राहावं लागलं.

पाणी साडेचारला सुटायचं आणि साडेसहाला बंद व्हायचं. चावीवाला रस्त्यातल्या चौकोनी झाकणाखाली लांब लोखंडी चावी घालतो, वरचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून गोल फिरत चालतो आणि तोंडातल्या तोंडात आटे मोजतो. काही आट्यांनंतर पाइप घुमायला लागतो. मग तो वाकून झाकणाच्या कडेला कान लावतो. दाब किती आहे हे त्याला आवाजावरून कळतं. त्याच्याकडे दुसरं कुठलंही यंत्र नाही.

सेक्रेटरीबाईंनी त्याला विचारलं, "काका, आमच्यावर एवढी मेहेरबानी का? व्हॉल्व्ह अर्धाच उघडता का?"

"पूर्ण फिरवतो हो ताई. पण वर चढायला प्रेशर लागतं, ते काय माझ्या खिशात आहे? खालच्यांच्या टाक्या भरल्याशिवाय तुमच्याकडे येतच नाही. आधीपासूनच तसं आहे."

सगळं प्रकरण त्या शेवटच्या दोन वाक्यांत होतं. उताराच्या पायथ्याशी त्याच फाट्यावर चार इमारती आहेत. पाणी सुटलं की ते आधी त्यांच्या जमिनीतल्या टाक्यांत पडतं, कारण त्या खाली आहेत आणि त्यांची तोंडं उघडी आहेत. त्या टाक्या भरत आल्या की बॉलकॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह, वर उचलला जातो, तोंड बंद होतं, लाइनमधला दाब वाढतो, आणि मग कुठे पाणी उतार चढून वरच्या इमारतीपर्यंत पोचतं. कपातीच्या आधी खालच्या टाक्या भरायला साधारण पंचाहत्तर मिनिटं जात. म्हणजे एकशेवीस मिनिटांपैकी वरच्या सोसायटीच्या वाट्याला शेवटची पंचेचाळीस. पंचेचाळीस मिनिटांत अकरा हजार लिटर, म्हणजे मिनिटाला अडीचशेच्या आत. हिशेब जुळतो.

आता दहा टक्के कपात करा. पाणी बारा मिनिटं आधी बंद होतं. ही बारा मिनिटं सगळ्यांच्या वाट्यातून थोडी थोडी जात नाहीत. खालच्या इमारतींच्या टाक्या तोवर भरलेल्या असतात, त्यांना फरक जाणवतही नाही. बाराच्या बारा मिनिटं वरच्या पंचेचाळिसातून जातात. त्यात दाबही थोडा उतरलेला, म्हणून खालच्या टाक्या भरायला पंचाहत्तरऐवजी ऐंशी मिनिटं लागतात. उरतात अठ्ठावीस मिनिटं. पंचेचाळीसचे अठ्ठावीस म्हणजे अडतीस टक्क्यांची घट. राहिलेले दोन-तीन टक्के कमी झालेल्या दाबाचे. पंगतीत वाढपी एक बादली कमी घेऊन निघाला, तर सगळ्यांच्या पानातलं श्रीखंड थोडं थोडं कमी होत नाही. शेवटच्या चार पानांवर ते पडतच नाही.

थोडक्यात, वरच्या सोसायटीला किती पाणी मिळणार हे जलअभियंता ठरवत नव्हता आणि चावीवालाही नाही. ते ठरत होतं खालच्या चार इमारतींच्या बॉलकॉकवर. त्या इमारती हिच्या वर नाहीत. अधिकाराने बरोबरीच्या, उंचीने तर खाली. त्यांच्यापैकी कोणी काही करतही नव्हतं. कमिटीतल्या एका काकांची खात्री होती की खालच्यांनी लाइनवर थेट मोटर बसवली आहे. अशी मोटर बेकायदा आहे आणि मुंबईत ती सर्रास सापडते, म्हणून संशय वावगा नव्हता. आम्ही चारही टाक्या पाहिल्या. मोटर कुठेच नव्हती. चार पितळी व्हॉल्व्ह आणि चार प्लॅस्टिकचे गोळे, आपापल्या टाकीची पातळी सांभाळत बसलेले.

अशा आडव्या नियंत्रणाचा विचार आपण करत नाही, कारण आपल्या चित्रात बाण नेहमी वरून खाली येतात. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९६२ मध्ये गुंतागुंतीच्या रचनांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं की एकात एक बसलेल्या उपव्यवस्था म्हणजे जिथे एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालतो अशीच रचना, असं नाही. पेशी अवयवात बसते, अवयव शरीरात. कोणी कोणाचा साहेब नाही. त्यांचा दुसरा मुद्दा या प्रकरणात मला जास्त उपयोगी पडला. टप्पे वेगळे दिसतात, कारण टप्प्याच्या आतले व्यवहार दाट आणि झटपट चालतात, टप्प्याटप्प्यांमधले विरळ आणि संथ.

पाण्याच्या बाबतीत हा संथपणा आणते टाकी. नळाचा हिशेब सेकंदांचा असतो, गच्चीवरच्या टाकीचा तासांचा, जमिनीतल्या टाकीचा दिवसाचा आणि तलावांचा वर्षाचा. १ ऑक्टोबरला सातही तलावांत मिळून चौदा लाख सत्तेचाळीस हजार दशलक्ष लिटर साठा असला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंतची चिंता मिटली असं धरतात. या प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी साठा आहे, आणि साठ्याचं कामच वरची हालचाल खाली पोचू न देणं. रात्री दोनला नळ उघडला तर पाणी येतं. त्या वेळी लाइन कोरडी आहे, चावी बंद आहे, याची नळाला गंधवार्ता नसते. म्हणून पातळी हा शब्द ऐकला की मला हुकमाची पायरी दिसत नाही. मला दिसतो एक अडसर, ज्याच्यामुळे खालच्याला वरच्याचं काही काळ ऐकू येत नाही.

वहीत याचा पुरावा होता. ३० मेला पाच टक्क्यांची कपात सुरू झाली त्या आठवड्यात मीटर नऊ हजारांपर्यंत उतरलेला आहे. म्हणजे तेव्हाच जवळपास पाचवा हिस्सा गेला होता. पण तक्रार एकही नाही. दोन्ही टाक्यांतली शिल्लक खर्च होत होती, नळ चालू होते, आणि नळ चालू असताना मीटरची वही कोण वाचणार? ५ जूननंतर दोन-तीन दिवसांत शिल्लक संपली आणि एका सकाळी विसाच्या वीस घरांत एकदमच ओरड झाली. कमिटीला वाटलं, आज वर कोणीतरी काहीतरी केलं. त्या दिवशी वर काहीच घडलेलं नव्हतं.

इमारतीच्या आत चित्र आणखी मजेशीर आहे. सगळ्यांत उंच गच्चीवरची टाकी. तिच्या लगेच खाली चौथा मजला, आणि सगळ्यांत अशक्त धार त्याच मजल्यावर. तळमजल्यावर बादली झटकन भरते. दाब उंचीच्या फरकातून येतो, टाकीशी जवळीक असून उपयोग नाही. गच्चीवरच्या टाकीत लेव्हल कंट्रोलर बसवला आहे. पाणी ठरावीक खुणेखाली गेलं की तळातला पंप आपोआप सुरू होतो, भरलं की बंद. आता इथे मालक कोण? टाकी पंपाला चालवते म्हणावं, तर पंप चालल्याशिवाय टाकीत पाणीच नाही. जमिनीतली टाकी रिकामी असेल तर तिथला दुसरा फ्लोट, म्हणजे तरंगता स्विच, पंपाला चालूच होऊ देत नाही, गच्चीने कितीही मागणी केली तरी. हे एक वर्तुळ आहे. वर्तुळात वरिष्ठ शोधणं फुकट. मात्र कोणत्या खुणेवर पंप चालू व्हावा हे ठरवणारा माणूस वर्तुळाबाहेर आहे, आणि तो प्लंबर. त्याने ती खूण खूप वर ठेवली होती. त्यामुळे टाकी थोडी उतरली की पंप चालू, जमिनीतली टाकी पहाटेपर्यंत रिती, आणि मग सगळा भरवसा त्या अठ्ठावीस मिनिटांवर.

यावर कमिटीतल्या एका तरुण सभासदाने, व्यवसायाने तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, चांगला प्रश्न विचारला. कपातीचा हुकूम तर वरूनच आला ना? पाणी कमी झालं ते त्यामुळेच. मग वरचा खालच्याला चालवत नाही असं कसं म्हणता?

चालवतो, पण एकाच बाबतीत : एकूण किती. तो हात खराच आहे आणि तो नसता तर जुलैपर्यंत तलाव पुरतील याची खात्री नव्हती. मोठी जलवाहिनी फुटली तर ती बंद करण्याचा अधिकारही वरच असावा लागतो. पण कोणाला किती, हे त्या एका आकड्यात मावत नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉस ॲशबी यांनी १९५६ च्या आपल्या सायबरनेटिक्सवरच्या, म्हणजे नियंत्रणाच्या शास्त्रावरच्या, पुस्तकात मांडलेला नियम इथे तंतोतंत लागू होतो : नियंत्रण करणाऱ्याकडे जेवढे वेगवेगळे प्रतिसाद असतील, तेवढीच विविधता त्याला आवरता येते. दहा टक्के हा एक प्रतिसाद. समोर शहरभरच्या उतार-चढावांवरच्या टाक्या, प्रत्येकीचं तोंड वेगळं, तळ वेगळा. वरच्या टोकाला बसून प्रत्येक टाकीला दहा टक्के कमी करायचं ठरवलं तरी ते करायचं साधन त्या खुर्चीत नाही. ते काही प्रमाणात आहे चावीवाल्याकडे, म्हणजे अधिकाराच्या शिडीच्या तळाला. त्याला कुठल्या गल्लीत पाणी केव्हा चढतं हे पाठ असतं, आणि तो आटे कमी-जास्त करू शकतो. फक्त ते करण्याची मुभा त्याला नाही.

आणि शिडीच्या टोकाला पोचलं की तिथेही टोक नाही. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणं राज्य सरकारची. त्या उन्हाळ्यात त्यांतला राखीव साठा वापरण्यासाठी महापालिकेला राज्याकडे मागणी करावी लागली आणि तो मिळाला. कायद्याने राज्य महापालिकेच्या वर आहेच, पण त्या नात्यातून उतारावरच्या बॉलकॉकपर्यंत जाणारी एकही दोरी नाही. आणि राज्यही मोसमी पावसाची वाट बघतच बसलेलं असतं.

तोडगा सुचवला चावीवाल्यानेच. पायथ्याशी फाटा फुटतो तिथे खालच्या बाजूला वेगळा व्हॉल्व्ह आहे. पहिला अर्धा तास तो अर्ध्यावर ठेवायचा. खालच्या टाक्या सावकाश भरतील, पण लाइनमध्ये दाब सुरुवातीपासूनच राहील आणि पाणी वर चढेल. अर्ध्या तासानंतर व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. हिशेब करून पाहिला. वरच्या सोसायटीला सुरुवातीची तीस मिनिटं आणि खालचे बॉलकॉक बंद झाल्यावर शेवटची बारा-तेरा, म्हणजे मिळून जवळपास पूर्वीइतकीच. खालच्यांच्या टाक्या तरीही साडेसहाच्या बारा मिनिटं आधीच्या नव्या वेळेपूर्वी भरतात. आधी खालची तोंडं बंद झाल्यावर लाइनची क्षमता वाया जात होती, तीच इथे कामाला येते. एक मिनिटही जादा मागितलेलं नाही.

पण हे चावीवाल्याने स्वतःच्या मनाने केलं असतं तर दुसऱ्या दिवशी खालच्या चार सोसायट्यांची पत्रं वर गेली असती. इथे मात्र अधिकाराची शिडी लागली. कनिष्ठ अभियंता मॅडम स्वतः पहाटे आल्या, दोन्ही टोकांना दाब मोजला आणि खालच्या एका सोसायटीच्या ऑफिसात पाचही कमिट्यांना बसवलं. तिथे थोडी गरमागरमी झाली. एक चेअरमन म्हणाले, "कपात आम्हालाही आहे मॅडम, मग यांच्यासाठी आमचा व्हॉल्व्ह का आवळायचा?" सेक्रेटरीबाईंनी वही पुढे केली आणि विचारलं, "तुमच्याकडे कपातीनंतर एक तरी दिवस टाकी अपुरी राहिली का हो?" राहिली नव्हती, तशी नोंदही नव्हती. मॅडमनी आठ दिवस करून बघू असं सांगितलं आणि तशी नोंद केली. पाण्याचं वाटप त्या बैठकीने ठरलं. मॅडमच्या पदाने त्या ठरावाला वजन दिलं, म्हणजे उद्या कोणी तो एकट्याने मोडू नये. वरिष्ठ पदाचं हे काम मला नियंत्रणापेक्षा वेगळं आणि जास्त मोलाचं वाटतं. दाब सांभाळला चावीने, भांडण सांभाळलं पदाने.

पुढच्या आठवड्यात मीटर दहा हजारांच्या आसपास स्थिरावला. प्लंबरने पंपाची खूणही खाली आणली. चौथ्या मजल्यावरची धार बारीकच आहे. त्यावर गच्चीतली टाकी उंच करण्याचा जुना उपाय पुढच्या सर्वसाधारण सभेत पुन्हा चर्चेला येईल आणि खर्च ऐकून पुन्हा बाजूला पडेल.

तलाव भरत आल्यावर २९ जुलै २०२४ पासून महापालिकेने कपात मागे घेतली. अर्ध्या तासाची ती पद्धत मात्र चावीवाल्याने चालूच ठेवली. बंद करा असं त्याला कोणी सांगितलं नाही आणि चालू ठेवा असंही नाही.

आता पायथ्याच्या चारपैकी एक इमारत पुनर्विकासाला जाते आहे. नवी इमारत उंच असेल, घरं कितीतरी पटींनी वाढतील आणि जमिनीतली टाकीही त्याच प्रमाणात मोठी होईल. ती टाकी अर्ध्या तासात काय, पूर्ण वेळेतही भरून तोंड मिटेल की नाही, यावर वरच्या वीस घरांचं पाणी अवलंबून राहणार. या वेळी सेक्रेटरीबाईंनी पहिलं पत्र वर पाठवलं नाही. ते खालच्या सोसायटीच्या कमिटीला आणि त्यांच्या आर्किटेक्टला दिलं : टाकीच्या तोंडाचा आकार आणि भरण्याची वेळ ठरवण्याआधी आमच्याशी बोला, सोबत मीटरच्या नोंदी जोडल्या आहेत. प्रत माहितीसाठी कनिष्ठ अभियंत्यांना. आर्किटेक्टने नकाशे दाखवायला वेळ दिली आहे. कमिटीचं उत्तर अजून आलेलं नाही.